पायांनी मागितलेले दान

वाचकहो, नकाशावर कुंभकोणम शोधावयाचे झाल्यास प्रथम तंजावरवर बोट ठेवावे आणि ते किंचित ईशान्येकडे सरकवावे. कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मधोमध हे गाव वसलेले आहे. देवळांची शिखरे, पितळेच्या भांड्यांची दुकाने, विड्याच्या पानांचे मळे आणि सकाळी दारोदार दरवळणारा कॉफीचा सुगंध ही त्याची ओळख. दर बारा वर्षांनी येथील महामहम तलावात स्नानाचा महापर्वकाळ येतो. २०१६ च्या फेब्रुवारीत तो झाला. पुढील योग २०२८ साली आहे. गणिती रामानुजन् यांचे बालपण याच गावात गेले, आणि सारंगपाणी मंदिरासमोरील त्यांचे लहानसे घर आजही जपून ठेवलेले आहे.

मराठी वाचकाला मात्र या गावाशी आणखी एक नाते सांगता येते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे भोसले तंजावरास आले आणि त्यांच्या मागोमाग अनेक मराठी कुटुंबे कावेरीकाठी स्थायिक झाली. अशाच एका कुटुंबात १८२८ साली कुंभकोणम येथे टी. माधवराव जन्मले. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाणपद त्यांनी भूषविले. अशा कुटुंबांपैकी काहींच्या घरी अजूनही मराठी बोलली जाते. तिला तमिळचा हेल आहे आणि तिच्यात आपल्याकडे केव्हाच मागे पडलेले शब्द आहेत. तरीही कान देऊन ऐकले की, ती आपलीच आहे हे कळते.

आमच्या कार्यालयातील तमिळ विभागात काम करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचे घर असेच आहे. काही वर्षांपूर्वी वैशाखात तिच्याबरोबर मी कुंभकोणमला गेले होते. तिने एक संकल्प केला होता. येत्या जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉन शर्यतीत पूर्ण अंतर धावावयाचे, आणि त्या निमित्ताने आप्तेष्टांकडून निधी गोळा करून तो नदीकाठी झाडे लावून ती जगविण्याच्या कामाला द्यावयाचा. पहिली देणगी घरातील वडील माणसाची असावी म्हणून तिने आपल्या आजींपुढे वही ठेवली.

आजींनी चष्मा चढविला, वही वाचली आणि विचारले, “धावणार तू, पैसे देणार मी, मग कावेरीत पाणी कोठून येणार?”

आम्ही दोघी पदवीधर. तथापि त्या क्षणी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही, ही गोष्ट खरी. हा लेख म्हणजे त्या उत्तराचाच शोध आहे.

कुंभकोणम ते तंजावर

मॅरेथॉन हा शब्द आता आपल्या परिचयाचा झाला आहे. परंतु त्या अंतराची कल्पना आकड्यावरून येत नाही. बेचाळीस किलोमीटर आणि एकशे पंच्याण्णव मीटर! कुंभकोणमहून निघून दारासुरम, पापनाशम आणि अय्यमपेट्टै मागे टाकीत तंजावरला जाणारा रस्ता सुमारे ४० किलोमीटरचा आहे. बसने गेल्यास वाटेत एक डुलकी होते. तेच अंतर आपल्या दोन पायांवर, न थांबता पार करावयाचे आणि तंजावरला पोहोचल्यावर आणखी दोन किलोमीटर धावावयाचे, म्हणजे मॅरेथॉन पूर्ण होते.

१८९६ साली अथेन्स येथे झालेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांतील शर्यतही सुमारे ४० किलोमीटरचीच होती. ती जिंकली स्पिरिडॉन लुई नावाच्या ग्रीक तरुणाने. त्याचा व्यवसाय कोणता, तर घरोघर पाणी पोहोचविण्याचा. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हे अंतर ४२.१९५ किलोमीटर झाले आणि १९२१ पासून तेच सर्वत्र प्रमाण मानले गेले.

महाराष्ट्राला हे वेड आता नवे राहिलेले नाही. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली, मुंबईची २००४ मध्ये. नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत आणि साताऱ्याच्या माणदेशातील ललिता बाबर या कन्यांनी लांब पल्ल्याच्या धावण्यात देशाचे नाव उज्ज्वल केले. मात्र मुंबईच्या रस्त्यावर जानेवारीतील त्या रविवारी जे हजारो लोक धावतात, त्यांतील फारच थोडे जिंकण्यासाठी आलेले असतात. बँकेतील कारकून, शिक्षिका, डॉक्टर, निवृत्त गृहस्थ, नातवंडे असलेल्या आजी असे सारे त्यांत असतात. आणि पुष्कळांच्या छातीवर स्वतःच्या क्रमांकासोबत एखाद्या संस्थेचे नावही असते. ते त्या संस्थेसाठी धावत असतात.

धावण्याचा आणि देण्याचा संबंध

आजींच्या प्रश्नाचा पहिला भाग असा की, देणगी द्यावयाचीच तर ती सरळ द्यावी. मध्ये धावणे कशाला?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. वारकरी आळंदीहून पंढरपूरला पायी जातो. गाडीने गेल्यास विठ्ठल भेटत नाही असे नाही. परंतु चालण्याने त्या भेटीला वजन येते. आचार्य विनोबा भावे यांनी १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी जमीन मागितली आणि ती मिळाली. त्यानंतर सुमारे तेरा वर्षे ते गावोगाव पायी हिंडले. तमिळनाडूही त्यांनी पायांखाली घातला. पत्रे पाठवून त्यांना जमीन मागता आली नसती काय? आली असती, परंतु ज्याने आपल्या दारापर्यंत येण्यासाठी स्वतःचे पाय झिजविले आहेत त्याला नकार देणे माणसाला जड जाते. मागणारा स्वतः काही सोसतो आहे, हे देणाऱ्याला दिसावे लागते.

परदेशांतही हीच गोष्ट एका तरुणाने जगाला दाखविली. टेरी फॉक्स हा कॅनडाचा विद्यार्थी. हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा एक पाय कापावा लागला होता. कृत्रिम पाय लावून, कर्करोगावरील संशोधनासाठी पैसा जमविण्याकरिता, १२ एप्रिल १९८० रोजी तो देशाच्या पूर्व टोकापासून धावू लागला. प्रत्येक कॅनडावासीयाकडून एक डॉलर मिळावा, एवढीच त्याची इच्छा होती. रोज जवळजवळ एका मॅरेथॉनइतके अंतर तो काटीत असे. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यानंतर रोग फुफ्फुसांत पोहोचला आणि त्याला थांबावे लागले. पुढच्या वर्षी तो गेला. परंतु त्याची मागणी पुरी झाली होती: देशाच्या लोकसंख्येइतके, म्हणजे दोन कोटी चाळीस लाखांहून अधिक डॉलर जमले होते.

झाडे, पाणी आणि प्राणी यांच्यासाठी

रोग्यासाठी धावणे समजते. नदीसाठी किंवा अरण्यासाठी धावणे म्हणजे काय? याचीही उदाहरणे आहेत, आणि त्यांतील एक आपल्या घरचे आहे.

मिलिंद सोमण हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना चित्रपट आणि जाहिराती यांमुळे ठाऊक असेल. एके काळी ते राष्ट्रीय पातळीवरील जलतरणपटू होते. २०१२ साली, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, ‘ग्रीनॅथॉन’ या पर्यावरणविषयक मोहिमेसाठी ते दिल्लीहून मुंबईला धावत आले. अंतर सुमारे १,५०० किलोमीटर आणि दिवस तीस! म्हणजे उन्हाळ्याच्या दिवसांत रोज पन्नास किलोमीटरांची मजल. या मोहिमेतील देणग्या ‘टेरी’ या संस्थेच्या सौर कंदिलांच्या योजनेकडे जात. वीज न पोहोचलेल्या खेड्यात सौर पट्ट्यांचे एक लहान केंद्र उभारावयाचे, तेथे दिवसभर कंदील भारित करावयाचे, आणि संध्याकाळी ते नाममात्र भाड्याने घरोघर द्यावयाचे, अशी ती व्यवस्था होती. केंद्र गावातीलच एखादी व्यक्ती चालवी आणि त्यातून तिलाही उत्पन्न मिळे. रॉकेलच्या चिमणीचा धूर घराबाहेर जावा, मुलांना रात्री वाचता यावे आणि रॉकेलचा खर्च वाचावा, असा तिहेरी लाभ त्यात होता. धावणाऱ्याने प्रत्यक्षात एकही कंदील लावला नाही. महिनाभर त्याने लोकांचे डोळे मात्र त्या अंधाराकडे वळविले.

दुसरे उदाहरण लंडनचे आहे. गेंड्यांच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या ‘सेव्ह द राइनो’ या संस्थेचे धावपटू १९९२ पासून तेथील मॅरेथॉनमध्ये चक्क गेंड्याचा वेष चढवून धावतात. हे वेष मुळात एका नाट्यप्रयोगासाठी प्रसिद्ध व्यंगचित्रकार जेराल्ड स्कार्फ यांनी तयार केलेले होते. एकेकाचे वजन दहा किलोंच्या आसपास. आत वारा लागत नाही, पुढचे नीट दिसत नाही आणि वाटेवरची मुले शिंगाला हात लावण्यासाठी धावत येतात. लोक हसतात आणि हसता हसता देतात. त्या पैशातून आफ्रिका आणि आशिया या खंडांतील गेंड्यांच्या संरक्षणकार्यास साहाय्य मिळते.

तिसरे उदाहरण पाण्याचेच आहे. मिना गुली ही ऑस्ट्रेलियन महिला व्यवसायाने वकील. पाण्याच्या टंचाईकडे जगाचे लक्ष वेधावे म्हणून २०१७ मध्ये तिने कोलोरॅडो, ॲमेझॉन, मरे, यांगत्से, नाईल आणि थेम्स या सहा नद्यांच्या काठाने चाळीस दिवसांत चाळीस मॅरेथॉन पुऱ्या केल्या. २०१८ मध्ये शंभर दिवसांत शंभर मॅरेथॉन धावण्याचा तिचा संकल्प होता; परंतु बासष्टावी पूर्ण झाल्यावर मांडीचे हाड मोडल्याचे आढळले आणि तिला चाकाच्या खुर्चीत बसावे लागले. त्यानंतर जे घडले ते विशेष आहे. निरनिराळ्या देशांतील अनोळखी माणसे तिच्या वाट्याचे किलोमीटर आपण होऊन धावू लागली आणि तिचा संकल्प त्यांनी पुढे नेला. बरी झाल्यावर तिने एका वर्षात दोनशे मॅरेथॉनचा नवा संकल्प केला आणि २२ मार्च २०२३ रोजी, जागतिक जलदिनी, संयुक्त राष्ट्रांची जलपरिषद भरत असताना न्यूयॉर्क येथे त्यांतील शेवटची पुरी केली.

येथे आणखी एका पदयात्रेचे स्मरण करणे योग्य होईल. कारण तिचा कुंभकोणमशी संबंध आहे. नोव्हेंबर १९८७ ते फेब्रुवारी १९८८ या काळात ‘पश्चिम घाट बचाओ’ पदयात्रा निघाली. एक तुकडी महाराष्ट्रातील नवापूरहून दक्षिणेकडे निघाली, दुसरी कन्याकुमारीहून उत्तरेकडे, आणि दोन्हींची भेट गोव्यात झाली. ती शर्यत नव्हती आणि निधी जमविणे हा तिचा हेतूही नव्हता. परंतु सह्याद्रीचे डोंगर उघडे पडत आहेत, ही गोष्ट त्या पावलांनी देशाला सांगितली. कावेरीचा उगम याच डोंगररांगेत, कोडगूमधील तळकावेरी येथे आहे. सुमारे ८०० किलोमीटर वाहून ती पूर्व समुद्राला मिळते. कुंभकोणमच्या घाटावर पाणी यावयाचे तर प्रथम सह्याद्रीवर पाऊस पडला पाहिजे आणि तो तेथील मातीत मुरला पाहिजे. नाशिकचा किंवा महाबळेश्वरचा वाचक आणि कुंभकोणमचा शेतकरी हे एकाच डोंगराचे शेजारी आहेत.

माझी चूक

आता थोडे स्वतःविषयी. मैत्रिणीने संकल्प केला त्याच्या तीन वर्षे आधी मी अर्धे अंतर, म्हणजे २१ किलोमीटर, धावले होते. आमच्या वसाहतीतील बिऱ्हाडांकडून मी एका वृक्षारोपणासाठी १८,४०० रुपये जमविले. एका रोपाला दोनशे रुपये, असा हिशेब होता. म्हणजे ब्याण्णव रोपे. जुलै महिन्यात गावाबाहेरच्या टेकडीवर ती लावली गेली. छायाचित्रे निघाली, प्रमाणपत्रे मिळाली आणि मी धन्य झाले.

शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहत. त्यांनी आपल्या निवृत्तिवेतनातून दोनशे रुपये दिले होते. पुढच्या मे महिन्यात जिन्यात भेटले असता ते सहज म्हणाले, “ताई, आमचे झाड केवढे झाले हो?” दुसऱ्या दिवशी मी टेकडीवर गेले. ब्याण्णवांपैकी अकरा रोपे हिरवी होती. बाकीच्यांच्या जागी वाळलेल्या काड्या होत्या. काही ठिकाणी नुसते खड्डे होते. काम पाहणाऱ्या मंडळींना विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, निधी लावण्यासाठी होता, पाणी घालण्यासाठी नव्हता. त्यांचे उत्तर खोटे नव्हते. तो प्रश्न मीच आधी विचारला नव्हता.

मी प्रत्येक देणगीदाराला पत्र लिहून खरी हकीकत कळविली. ते पत्र लिहिणे एकवीस किलोमीटर धावण्यापेक्षा कठीण गेले. पोस्टमनकाकांनी ते वाचले आणि म्हणाले, “मग आता अकरा तरी जगवू.” त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही उन्हाळ्यात आम्ही पाच-सहा बिऱ्हाडे रविवारी पाण्याचे डबे घेऊन टेकडी चढत असू. त्या अकरांपैकी नऊ झाडे आज माझ्या डोक्याहून उंच आहेत.

देण्यापूर्वी विचारावे असे काही

ही हकीकत मी कुंभकोणमच्या आजींना सांगितली. त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, “मग आता काय विचारायचे ते शिकलीस ना?”

जे शिकले ते वाचकांपुढे ठेवते. आपल्या घरातील मुलगा, सून किंवा कार्यालयातील सहकारी अशी वही घेऊन आपल्यापुढे उभा राहिला, तर पुढील गोष्टी मोकळेपणाने विचाराव्यात. त्यात कोणाचाही अपमान नाही.

पहिली गोष्ट, पैसा कोणत्या वाटेने जातो? मोठ्या शर्यतींमध्ये बहुधा प्रवेशशुल्क आणि पुरस्कर्त्यांचा पैसा शर्यतीच्या व्यवस्थेला लागतो, तर देणगी वेगळ्या मार्गाने संस्थेकडे जाते. तसे आहे की नाही, हे पाहावे. देणगी शक्यतो धावपटूच्या हाती रोख न देता थेट संस्थेच्या खात्यात जमा करावी आणि पावती घ्यावी. प्राप्तिकरातील सवलत हवी असल्यास संस्थेची तशी नोंदणी आहे किंवा नाही, हे आधीच विचारून ठेवावे.

दुसरी गोष्ट, कामाचे नेमके स्वरूप काय? ‘पर्यावरणासाठी’ हा शब्द फार मोठा आहे. त्यात काहीही मावते. किती झाडे, कोणत्या जातीची, कोणाच्या जमिनीवर, हे सांगता आले पाहिजे. नदीकाठाला नदीकाठचीच झाडे हवीत. कुंभकोणमजवळ तिरुविडैमरुदूर नावाचे क्षेत्र आहे. त्याचे नाव मरुदम या वृक्षावरून पडले, आणि मरुदम म्हणजे आपल्याकडील ओढ्यानदीच्या काठी वाढणारा अर्जुनसादडा. दक्षिणेत पुष्कळ देवळांचा एक स्थलवृक्ष असतो. आपल्या देवराईप्रमाणेच त्यालाही कुऱ्हाड लागत नाही. कोणते झाड कोठे टिकते याचे ज्ञान पूर्वजांनी अशा रीतीने धर्मात गुंफून ठेवले आहे; त्याचा उपयोग करावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार? रोप लावणे हे एका सकाळचे काम आहे. झाड करणे हे तीन वर्षांचे. कुंपण, पाणी, गवत काढणे आणि मेलेल्या रोपाच्या जागी नवे लावणे यांचा खर्च हिशेबात नसेल, तर ती देणगी छायाचित्रासाठी दिल्यासारखी होईल.

रस्त्यावर काय उरते

धावण्याच्या शर्यतीलाही पर्यावरण असते, हे विसरून चालणार नाही. हजारो माणसे धावून गेल्यावर रस्त्यावर पाण्याच्या बाटल्या, कागदी पेले आणि कापडी फलक यांचा खच पडतो. नदीसाठी धावणाऱ्याने अर्धी बाटली पिऊन गटारात भिरकावली तर त्या धावण्याचा अर्थ काय? महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०१९ च्या आरंभी एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून पेले, ताटल्या, चमचे अशा वस्तूंवर देशभर बंदी आली. लंडनच्या मॅरेथॉनमध्ये २०१९ साली समुद्रशेवाळापासून केलेल्या, पेय पिऊन झाल्यावर खाऊनही टाकता येतील अशा लहान पिशव्या काही ठिकाणी वाटण्यात आल्या. आपल्याकडे त्याहून सोपा उपाय आहे: कमरेला स्वतःची बाटली आणि वाटेत पाण्याचे पिंप. धावता धावता कचरा उचलण्याची रीत स्वीडनमध्ये रूढ झाली आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी, गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या दिवशी, आपल्या देशातही ठिकठिकाणी लोक तसे धावले. कोठल्याही शर्यतीचे नाव न घेता आपल्या गल्लीत ती आजही पाळता येईल.

शरीराची तयारी

संकल्प कितीही उदात्त असला तरी गुडघ्यांना त्याचे काही वाटत नाही. नव्याने धावू लागणाऱ्याने प्रथम वैद्याकडून प्रकृती तपासून घ्यावी. पूर्ण मॅरेथॉनसाठी नियमित धावणाऱ्यालाही चार-पाच महिन्यांची तयारी लागते. आठवड्यातून एकदा लांब अंतर धावावे आणि ते हळूहळू, मागच्या आठवड्याच्या दहाव्या भागाहून अधिक न वाढविता, पुढे न्यावे. शरीर स्नायूंमध्ये आणि यकृतात जी साखर साठवून ठेवते, ती सुमारे ३० किलोमीटरनंतर संपत येते. मग पाय शिशाचे होतात. कुंभकोणमच्या रस्त्यावर सांगावयाचे तर पापनाशम मागे पडते, अय्यमपेट्टैही मागे पडते, आणि तंजावर दिसू लागण्यापूर्वीच हा प्रसंग येतो. म्हणून वाटेत थोडे थोडे खाणे आवश्यक असते. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर तापते. म्हणून पहाटे धावावे आणि तहानेच्या मानाने पाणी प्यावे. नुसते पाणीच भरमसाट प्याल्याने रक्तातील क्षार कमी होऊन धोका संभवतो. यास्तव मीठही पोटात जावे.

माझी मैत्रीण पहाटे साडेचारला उठून दारासुरमपर्यंत धावत जाई. तेथील बाराव्या शतकातील ऐरावतेश्वराच्या मंदिराला प्रदक्षिणा घालून ती परत येई. मी तिच्याबरोबर दोनदाच गेले. परतताना घरोघरी बायका दारापुढे सडा घालून कोलम काढीत असत आणि धावणाऱ्या या दोन प्रौढ स्त्रियांकडे कौतुकाने व काहीशा काळजीने पाहत.

आजींची देणगी

निघण्याच्या आदल्या दिवशी आजी आम्हांला नदीवर घेऊन गेल्या. घाटाच्या पायऱ्या उतरून गेल्यावर पात्रात वाळू होती. मेट्टूर धरणाचे दरवाजे प्रघातानुसार १२ जूनला उघडतात. ते पाणी कालव्यांतून खोऱ्याच्या या टोकाला पोहोचले म्हणजे कुरुवै भाताची लावणी सुरू होते. तोवर नदीकाठचे सारे जीवन वाट पाहत असते. कित्येकदा पाणी वेळेवर येत नाही. आजींचे वडील शेतकरी होते. त्या कोरड्या वाळूकडे पाहत त्या काही वेळ बोलल्या नाहीत.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी तेथे दिले. धावल्याने नदीत पाणी येत नाही, हे मान्य केले. झाडे लावल्याने लगेच येते असेही नाही. पाऊस, धरणे, उपसलेली वाळू, शेतीची पद्धत आणि दोन राज्यांतील वाटप अशी पुष्कळ कारणे त्यात आहेत. काठावरची झाडे माती धरून ठेवतात, पडलेले पाणी जमिनीत मुरावयास मदत करतात, सावली देतात. एवढेच त्यांचे काम आहे, आणि ते लहान नाही. धावण्याने एक गोष्ट मात्र होते. बेचाळीस किलोमीटर धावणाऱ्या मुलीची गोष्ट ऐकण्यासाठी चाळीस घरे दार उघडतात, आणि त्या उघडलेल्या दारात नदीविषयी बोलता येते.

आजींनी घरी आल्यावर वही मागविली. तिच्यात पहिल्या ओळीवर त्यांनी ‘५०१ रुपये’ असे लिहिले आणि पुढे अट घातली: १०१ रुपये आता, उरलेले चारशे तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, झाड जिवंत दाखविल्यावर. “तोवर मी असले तर मी देईन, नसले तर हिच्या आईकडून घ्या,” असे म्हणून त्यांनी पैसे मोजून दिले.

माझ्या मैत्रिणीने पुढच्या जानेवारीत शर्यत पुरी केली. तिला पाच तासांहून अधिक वेळ लागला. तिने जमविलेली प्रत्येक देणगी तिने आजींच्याच अटीवर, तीन उन्हाळ्यांच्या हप्त्यांनी, घेतली आणि त्या अटीमुळे कोणीही नाही म्हणाले नाही. उलट दर वैशाखात देणगीदारच विचारू लागले की, आमचे झाड कसे आहे.

वाचकहो, आपल्या दारी उद्या अशी वही आली तर रिकाम्या हाताने परत पाठवू नका. आणि नुसते पैसे देऊनही परत पाठवू नका. तिच्यात रकमेच्या पुढे एक ओळ अवश्य लिहा: झाड पाहावयास केव्हा येऊ?